पेटीच्या आत कोण बसायचं

माझ्या बायकोला ऐकू येत नाही. का येत नाही, हे मी आजपर्यंत कोणालाही खरं सांगितलेलं नाही. डॉक्टरांना नाही, सासऱ्यांना नाही, सख्ख्या भावालाही नाही. विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगत आलो, की ते तिच्या माहेरच्या रक्तातच आहे. रक्तात काही नव्हतं. ते माझ्या कारखान्यात झालं, मी समोर उभा असताना झालं, आणि माझ्या सांगण्यावरून झालं.

या अंकाच्या संपादकांनी मला डीजेच्या पेट्या बनवण्यातल्या गमतीजमती लिहा म्हणून सांगितलं होतं. गमती आहेत, त्या लिहितोही. पण नुसत्या त्याच लिहिल्या असत्या तर जे इतकी वर्षं तोंडानं केलं तेच लेखणीनं केल्यासारखं झालं असतं.

मी मूळचा दारं-खिडक्या करणारा सुतार. बाभुळगावला माझं टिनाचं शेड आहे, त्यालाच कारखाना म्हणायचं. वरातीत बँडच्या जागी डीजे येऊ लागले त्या दिवसांत यवतमाळहून इकबालभाई आला. तो साउंड सिस्टीमची दुरुस्ती करायचा. ऑटोत एक फुटकी बेसची पेटी टाकून आणली होती.

"मिस्त्री, हे खोकं बनते का तुमच्याकडून? तयार मालाचा भाव आयकला का ताप येते."

"त्यात काय आहे? चार फळ्या तर आहेत."

"चारच फळ्या आहेत," तो म्हणाला, "पन त्यायले हवा समजली पाह्यजे."

हवा समजायला मला वर्ष लागलं. ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नुसता स्पीकर टेबलावर ठेवून वाजवला तर गाणं ऐकू येतं, पण ढोल ऐकू येत नाही. स्पीकरचा कागद पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची ओढली जाते. या दोन हवा कडेनं वळून एकमेकींना भेटल्या की आवाज मरतो, आणि जाड आवाज सगळ्यात आधी मरतो. म्हणून मागची हवा कोंडून ठेवायची. पेटीचं काम एवढंच. मग त्या कोंडलेल्या हवेला एक फट द्यायची, ती किती रुंद, किती खोल, याचा हिशोब असतो. पेटी लहान झाली तर ढोल घशात अडकल्यासारखा वाजतो, मोठी झाली तर फाटक्या गोधडीवर काठी मारल्यासारखा. जाड प्लाय घ्यायची, सांध्याला भरपूर गोंद, आतून आडव्या पट्ट्यांचे ताण, आणि सांध्यांत उरलेल्या बारीक फटींत लाकडाचा भुसा गोंदात कालवून भरायचा.

पेटी कुठून गळते हे बघायला आम्ही उदबत्ती लावायचो. पेटी वाजत ठेवायची आणि उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळून फिरवायची. धूर सरळ वर गेला तर सांधा पक्का, थरथरला तर तिथं हवा पळते. एकदा कळंबकडचं एक गिऱ्हाईक नेमकं त्या वेळी आलं. त्यानं चपला बाहेर काढल्या, हात जोडून उभा राहिला, आणि माझं झाल्यावर म्हणाला, "मिस्त्री, नारळ मी आनतो." मी नाही म्हटलं नाही. नारळ फुटला, सगळ्यांनी खाल्ला, आणि ती पेटी त्या माणसानं कधी तक्रारीसाठी परत आणली नाही.

दुसरा एक दारव्ह्याकडचा. त्याला आठ पेट्या पाहिजे होत्या, चारात स्पीकर आणि चार नुसत्या जाळी लावलेल्या, रिकाम्या. "लोकं आंधी पाह्यतेत, मिस्त्री. आयकतेत नंतर." मी रिकाम्या पेट्या हलक्या प्लायच्या केल्या. महिन्याभरात तो तोंड पाडून आला. वरातीत नवरदेवाचा भाऊ नाचता नाचता वरच्या पेटीवर चढला आणि मांडीपर्यंत आत गेला. "पाय मोडला असता तं चाललं असतं," तो म्हणाला, "पन आतमंदी काईच नाई, हे साऱ्या वरातीनं पाह्यलं."

असे दिवस होते. पेट्या खपत होत्या, आणि माझं नाव होत होतं ते एका गोष्टीसाठी. माझी पेटी झिणझिणत नाही म्हणून.

झिणझिण म्हणजे काय, तर आतली एखादी पट्टी केसभर सैल राहिली किंवा एखादा स्क्रू शेवटचा अर्धा फेरा आवळायचा राहिला, की ठरावीक सुरावर पेटी दाढ दुखल्यासारखी कण्हते. बाहेरून कळत नाही कुठं, कारण कान लावाल तिथं अख्खी पेटीच थरथरत असते. बाकीचे मिस्त्री पेटी उघडून सगळेच स्क्रू पुन्हा आवळत. मीही तेच करायचो, एका दिवसापर्यंत. त्या दिवशी दोन स्पीकरची मोठी पेटी झिणझिणत होती आणि गिऱ्हाईक ट्रॅक्टर-ट्रॉली लावून बाहेर बसलं होतं. संध्याकाळी वरात होती.

वनिता, माझी बायको, चहा घेऊन आली. तिचे कान हा घरात थट्टेचा विषय होता. दारासमोरून गेलेली मोटरसायकल कोणाची, हे ती पोळी लाटता लाटता सांगायची. माझ्या करवतीच्या आवाजावरून "आज दात बोथट झाले तुमचे" म्हणायची. तिनं पेटीला कान लावला, इकडून लावला, तिकडून लावला, आणि हसून म्हणाली, "बाह्यरून नाई समजत. आत बसलं तं समजीन."

ती गमतीनं बोलली. मी खरं धरलं.

पेटीला स्पीकरची दोन भोकं असतात. एकात स्पीकर बसवलेला होता, दुसरं मोकळं. त्या भोकातून मी जाऊच शकत नव्हतो. ती अंगानं लहान. हातात टॉर्च आणि खडू घेऊन ती आत उतरली, गुडघे छातीशी घेऊन बसली. भोक उघडं ठेवून पेटी तशी वाजत नाही, म्हणून मी त्याच्यावर फळी ठेवून ती शिकंज्यांनी घट्ट आवळली. झिणझिण सापडली की तिनं आतून टकटक करायचं, असं ठरलं. मी अँप्लिफायरचं मशीन सुरू केलं, हळूहळू चढवत गेलो. टकटक झाली. बंद केलं, फळी काढली. ती भुशानं माखून बाहेर आली. पट्टीच्या टोकाला खडूची फुली होती. एक स्क्रू मारला आणि पेटी मुकी झाली.

"छातीवर कोनी बसल्यावानी वाटते," ती म्हणाली. गिऱ्हाईक वेळेवर गेलं.

तेव्हापासून प्रत्येक मोठी पेटी तिनं आत बसून तपासली. कानात सरकी काढलेला कापूस घालायची, आमच्याकडे त्याची काय कमी. मी हौसेनं सांगायचो की माझ्या पेटीचं गुपित भुसा-गोंदाच्या मिश्रणात आहे. लोक त्याचं प्रमाण विचारायचे. मी गंभीर चेहरा करून थोडं सांगायचो आणि थोडं राखून ठेवायचो. ते गुपित आतल्या खोलीत भाकरी थापत असायचं.

इकबालभाईनं एकदा पाहिलं. त्यानं मशीनची वायरच काढून टाकली.

"भाऊ, वैनीले आत नको पाठवत जाऊ."

"कापूस राह्यते कानात."

"कापूस?" तो म्हणाला. "मी दहा हात दूर उभा राह्यलो तं माह्ये कान संध्याकाळपर्यंत वाजतेत. तिथं आत काय होत असन, जरा इचार करा."

"तिले काई नाई होत. तिलेच इचार."

त्यानं तिला विचारलं नाही. दुसऱ्याच्या बायकोला काय विचारणार? पण त्यानंतर पेटी तपासायची वेळ झाली की तो काहीतरी काम काढून निघून जायचा. मला त्याचा राग यायचा. आज कळतं, त्या माणसाला बघवत नव्हतं म्हणून तो जात होता.

मग वनिता म्हणू लागली की कानात रातकिडे बोलतात. मी म्हटलं, तेल कोमट करून टाक. पुढे ती हाक दोनदा मारल्यावर वळू लागली. मोटरसायकली ओळखणं कधी थांबलं, मला सांगता येत नाही, कारण मी लक्षच दिलं नव्हतं. मला कळलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. ती पेटीत बसली होती आणि टकटक होईना. बाहेर मला झिणझिण स्पष्ट ऐकू येत होती. मी आवाज आणखी चढवला. बऱ्याच वेळानं टकटक झाली, खडूची फुली होती ती भलत्याच पट्टीवर. मी तिच्यावर ओरडलो. "ध्यान कुठं आहे तुह्यं?" ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी काय म्हणतोय हे तिला ओठांवरून समजून घ्यावं लागत होतं, आणि मी समजलो की ती गोंधळली आहे.

यानंतरही मी तिला आत पाठवलं. एकदा नाही, पुष्कळदा.

यवतमाळला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा ऐकणं बरंच गेलेलं होतं. तपासणी झाली. डॉक्टर भला माणूस, सावकाश विचारत होता. त्यानं वनिताकडे बघून विचारलं, "तुम्ही कुठं मोठ्या आवाजाच्या ठिकाणी काम करता का? गिरणी, जिनिंग, असं काही?"

तिला प्रश्न ऐकू आला नाही. तिनं माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "नाही साहेब. घरीच असते. यांच्या घरातच आहे हे. हिच्या वडिलांच्या आत्याला ऐकू येत नव्हतं."

वडिलांच्या आत्याला ऐकू येत नव्हतं ते म्हातारपणी, जसं सगळ्यांनाच कमी येतं. हे मला ठाऊक होतं. डॉक्टरनं लिहून घेतलं. वनिता माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती, तिच्या हातावर माझा हात होता, आणि तिच्याबद्दल मी काय सांगतोय हे तिला ऐकू येत नव्हतं. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, काय म्हणाले? मी खुणेनं सांगितलं, मशीन लावावं लागेल. कानाचं मशीन. त्याचा पुढे तिला फारसा उपयोग झाला नाही.

मी ते का म्हणालो याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलं. ठरवून म्हणालो नव्हतो, एवढंच सांगू शकतो. पण एकदा म्हटल्यावर ते फार सोयीचं निघालं. भावानं विचारलं, त्याला तेच सांगितलं. शेजारी, सोयरे, सगळ्यांना तेच. वाक्य इतकं गुळगुळीत झालं की म्हणताना अडखळायलाच व्हायचं नाही.

वनिताचं माहेर मुकुटबनचं. थोडी शेती, भाऊ नाही, दोघी बहिणी. धाकटी संगीता तेव्हा लग्नाची होती. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. मामाजी एक दिवस न कळवता एसटीनं आले. सोबत पिशवीत तूर डाळ आणि घरचं तूप. जेवले, पाणी प्याले, आणि वनिता भांडी घेऊन मागे गेल्यावर माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले.

"जावाईबापू, माफ करजा मले."

"कायची माफी, मामाजी? बसा ना."

"माह्या आत्याचं मी तुमाले लगनाच्या आंधी सांगाले पाह्यजे होतं. मले वाटलं, म्हातारपन होतं ते. पोरीत उतरीन असं सपनातही नव्हतं आलं. दुसरा कोनी असता तं पोरगी आनून टाकली असती घरी."

माणसाला जमीन दुभंगावी असं वाटतं म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज आहे. मी त्यांचे हात धरून खाली केले आणि म्हणालो, "जाऊ द्या मामाजी. नशिबाचं आहे."

म्हणजे मी त्यांना माफ केलं. गावभर झालं की जावई मोठ्या मनाचा. बहिऱ्या बायकोला किती नीट वागवतो म्हणून लोकांनी मला तोंडावर नावाजलं, आणि मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

मग संगीताचं जमलं. घाटंजीकडचं घर, मुलगा सोसायटीत कामाला, पसंती झाली, सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. मुलाचा मामा कामानिमित्त बाभुळगावला आला आणि माझ्या शेडमध्ये येऊन बसला. सरळ माणूस होता. आडवळणानं बोलला नाही.

"पाव्हणे, तुमी घरचे. तुमाले इचारतो, बाकी कोनाले नाई. यायच्या घरान्यात बहिरेपन आहे म्हनतेत. खरं आहे का?"

शेडमध्ये त्या वेळी नेरचा एक डीजेवाला बसला होता. मोठी ऑर्डर द्यायला आला होता, आणि माझी पेटी झिणझिणत का नाही हेच तो पाच मिनिटांपूर्वी विचारत होता. मागच्या दारात वनिता बसून तांदूळ निवडत होती. एकच वाक्य पाहिजे होतं. घराण्यात काही नाही, माझ्यामुळे झालं, असं म्हटलं असतं तर तो मामा उठून समाधानानं गेला असता आणि संगीताचं लग्न झालं असतं. डीजेवाला कदाचित उठून गेला असता. कदाचित नसताही गेला.

मी म्हणालो, "आता रक्ताचं कोन काय सांगावं, मामा."

"म्हंजे आहे?"

"तुमी पाहूनच राह्यले ना," मी म्हटलं आणि वनिताकडे बघितलं.

त्यानंही बघितलं. तिला वाटलं, पाहुण्याला चहा पाहिजे. ती उठून चहा ठेवायला गेली. तिच्या हातचा चहा पिऊन तो गेला, आणि आठवड्यात निरोप आला की मुलाचा विचार बदलला आहे. पुढे दोन ठिकाणी बोलणी सुरू झाली आणि तिथंच थांबली. मग कोणी येईनासं झालं. संगीता मुकुटबनलाच राहिली. शिवणकाम करते, वडिलांना सांभाळते. मला भाऊजी म्हणते, ताट वाढते, आणि कधीही माझ्याकडे नजर उचलून बघत नाही. तिला काही ठाऊक आहे की तिचा स्वभावच तसा आहे, मला सांगता येत नाही.

वनितानं मला एकदा विचारलं होतं. संगीताचं मोडल्यानंतरची गोष्ट. ती आता जोरात बोलते, स्वतःचा आवाज तिला कळत नाही म्हणून. शेडभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "डाक्टरले तुमी काय सांगतलं होतं?"

मी रंध्याचं पातं काढण्याचं निमित्त केलं आणि तोंड भिंतीकडे फिरवून काहीतरी पुटपुटलो. माझे ओठ दिसले नाहीत तर तिला समजत नाही, हे मला तोपर्यंत पक्कं माहीत झालं होतं. ती घरात गेली. पुन्हा कधी विचारलं नाही.

डीजेच्या पेट्या मी बंद केल्या, त्याचा पश्चात्तापाशी संबंध नाही. आवाजावर पोलिसांची करडी नजर आली, ऑर्डरी कमी झाल्या, आणि लोकांना स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या पाहिजे झाल्या. आता मी त्या करतो. अजूनही कोणाकोणाची वरात रस्त्यानं जाते आणि मला ऐकताक्षणी कळतं की पेटी माझी आहे. शेडचे टिन थरथरतात. वनिता तळहात भिंतीवर ठेवते आणि म्हणते, "वरात चालली का?" तिला तेवढंच समजतं, हातानं.

इथपर्यंत लिहून झाल्यावर मी कागद वनितापुढे ठेवले. तिनं चष्मा लावला आणि ओट्याला टेकून उभ्यानंच सगळं वाचलं. मी बाजूला उभा. डॉक्टरांच्या जागेवर ती थांबली, ती ओळ पुन्हा वाचली, पुढे गेली. वाचून झाल्यावर कागद नीट जुळवले आणि म्हणाली, "एक गोठ लपवली तुमी याच्यात."

मी खुणेनं विचारलं, कोणती?

"पयल्यांदा मी गमतीनं म्हनली, ते खरं आहे. दुसऱ्यांदा मी नाई म्हनली होती. मले भेव वाटते म्हनली होती. तुमी म्हनले, एवढी ऑर्डर हातची जाईन, मंग बस घरी."

मला ते आठवत नव्हतं. म्हणजे ती म्हणेपर्यंत आठवत नव्हतं. म्हटल्याबरोबर ती कुठं उभी होती, तिच्या हातात काय होतं, सगळं आठवलं. मी म्हटलं, लिहितो. आणि वर खाडाखोड करण्यापेक्षा इथंच लिहिलं, म्हणजे कबुली देतानाही मी काय वगळत होतो हे वाचणाऱ्याला दिसेल.

ती आणखी एक म्हणाली. "पुस्तकात छापून मोकळं नका होऊ. मुकुटबनले कोनी हे वाचत नाई. बाबाले जाऊन सांगा. संगीताच्या देखत सांगा."

मी म्हटलं, तू चल सोबत.

"मी कायले? मले आयकू येनार आहे का तुमी काय सांगता ते?" ती म्हणाली, आणि कुकर उतरवायला वळली.

मामाजी आता खाटेला लागले आहेत. माणूस ओळखतात, बोललेलं समजतं. मी अजून मुकुटबनला गेलेलो नाही. त्यांच्या घराण्यात काहीही खोट नव्हती, त्यांच्या एका मुलीचे कान आणि दुसरीचं लग्न माझ्यामुळे गेलं, हे त्या दोघांच्या समोर बसून तोंडानं सांगणं, आणि मामाजींची माफी त्यांना परत करून स्वतःची मागणं, एवढं माझ्याकडे बाकी आहे.